ठमाबाईची पाण्यातली ढोरं

मोहबोडीच्या ठमाबाईला घाईच्या कामाला कुणी बोलवत नसे. धानाच्या रोवण्यात, स्वयंपाकात आणि भांडणात ती गावातल्या कुठल्याही बाईला हार जाणारी नव्हती. पण एकदा का तिने काचेची शिशी उन्हाकडे धरली, की पुरुष मंडळी खुशाल तलावाच्या पाळीवर बसून घेत आणि विड्या काढत. एक विडी संपली तरी शिशी वरच. दुसरी संपली तरी वरच. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष सोमाजी म्हणायचा, एवढ्या वेळात सिंदेवाहीच्या केंद्रातले लोक धानाची एक नवी जात काढून मोकळे होतात. ठमाबाईला हे ऐकू जायचं. पण शिशी हातात असताना ती कुणाला उत्तर देत नसे.

शिशीत तळ्याचं पाणी असायचं आणि त्या पाण्यात ठमाबाईची ढोरं असायची.

ढोरं म्हणजे खरीखुरी नव्हेत. पाण्यात मोहरीहून बारीक, झटके देत पोहणारे जे किडे असतात, त्यांना ती ढोरं म्हणायची. मासोळी मोठी झाली की काहीही खाते, पण अंड्यातून निघून तीनच दिवस झालेलं पिल्लू या किड्यांवाचून जगत नाही. मत्स्य खात्याचे लोक त्या पिल्लांना जिरे म्हणत, कारण ती दिसायलाही जिऱ्याएवढीच. मोठ्या मालगुजारी तलावाच्या पाळीखाली ढिवरांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या, सोसायटीने एक लहान तळं खोदलं होतं. दर पावसाळ्यात त्यात जिरे सोडायचे, बोटाएवढे करायचे आणि मग मोठ्या तलावात टाकायचे. गावाने त्या तळ्याचं नाव अंगणवाडी ठेवलं होतं. अंगणवाडीतल्या लेकरांच्या खाण्याचं पाहायला ठमाबाई. पगार नाही, सोसायटीच्या वहीत नाव नाही, आणि मान एवढा की ती ‘सोडा’ म्हणाल्याशिवाय एक जिरा पाण्यात पडत नसे.

आता ढोरं म्हटली की चारा आला, आणि चारा ऋतूप्रमाणे बदलतो. ठमाबाईचं याबाबतीतलं ज्ञान ऐकणाऱ्याला पुरून उरायचं. पावसाळ्यात पाणी गढूळ, ऊन कमी. तेव्हा तिची ढोरं शेणावर आणि कुजलेल्या पाल्यावर पोट भरतात. हिवाळ्यात पाणी निवळतं, त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारी हिरवळ धरते, आणि मग ढोरांची चंगळ. उन्हाळ्यात तलाव आटला की ती तळाचा गाळ चिवडतात, आणि तोही पुरला नाही तर मोठी लहानांना खातात. वैशाखात त्यांचा स्वभाव बिघडतो, असं ती म्हणायची. वैशाखात ठमाबाईचाही बिघडायचा, हे तिची सून रुखमा खासगीत सांगायची.

हे सगळं तिला कसं कळायचं, तर ढोरांच्या पोटावरून. हे किडे काचेसारखे आरपार असतात. शिशी उन्हाकडे धरली की प्रत्येकाच्या अंगात केसाएवढी एक रेघ दिसते. रेघ हिरवी असली तर हिरवळ खाल्ली, तपकिरी असली तर शेणाचा माल, आणि रेघच नसली तर ढोर उपाशी. उपाशी ढोरांच्या पाण्यात ठमाबाई जिरे सोडू देत नसे. जे स्वतःच उपाशी आहे ते दोन दिवसांत संपेल, मग लेकरांनी काय खायचं, असा तिचा रोकडा हिशेब होता.

शिशी तिला सत्यशीला मॅडमनी दिली होती. मॅडम नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि पाण्यातले हे किडे कोणत्या महिन्यात काय खातात यावर त्यांचा प्रबंध चालला होता. ब्याऐंशी साली सबंध वर्षभर त्या दर महिन्याला एसटीने यायच्या, पाणी गाळून न्यायच्या आणि मुक्कामाला ठमाबाईकडे उतरायच्या. शाळेच्या ओसरीत त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला, तेव्हा पहिला डोळा ठमाबाईने लावला तो लवकर काढलाच नाही. हेडमास्तरांसकट सगळी शाळा मागे रांगेत उभी. शेवटी तिने डोळा काढला आणि एवढंच म्हणाली की हे तर रवंथ करून राह्यले.

एकदा मॅडम तिला समुद्राचं सांगत होत्या. ठमाबाईने समुद्र पाहिला नव्हता, आणि एवढं पाणी एका जागी ठेवण्यात काय शहाणपण आहे, हेही तिला पटलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, तिथेही असेच किडे असतात, कोट्यवधी. त्यांचाही चारा ऋतूंवर चालतो आणि समुद्रातली लहानमोठी सगळी मासोळी अखेर त्यांच्याच जिवावर जगते. ठमाबाईने विचारलं की मग समुद्रात मोहाची ढेप कोण टाकतं. प्रश्न बरोबर होता. अंगणवाडीत दर ज्येष्ठात मोहाच्या बियांचं तेल काढून उरलेली ढेप टाकत. आधी तिच्या विषाने आतल्या खादाड मासोळ्या मरत, मग तीच ढेप कुजून ढोरांचा चारा होई. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की पावसाळी वारा समुद्राचं पाणी ढवळतो, तळाचं खत वर येतं, त्यावर हिरवळ धरते आणि मग किड्यांची दिवाळी होते. ठमाबाईला हे पटलं. तळ ढवळल्याशिवाय काही होत नाही हे तिला आधीच माहीत होतं, समुद्रालाही माहीत आहे हे कळून बरं वाटलं.

मॅडम गेल्या, शिशी राहिली. त्या शिशीवर ठमाबाईचा सगळा रुबाब चालायचा.

आणि तिथेच घोळ होता. दोन वर्षांपासून ठमाबाईला शिशीतलं काही दिसत नव्हतं.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. माणसं ओळखू यायची, वाट दिसायची, भाकर करपत नसे; पण केसाएवढी रेघ, तीही मोहरीएवढ्या किड्याच्या पोटात, ती गेली होती. हे तिने एकट्या रुखमाला सांगितलं, तेही रुखमानेच पकडलं म्हणून. मग सासूसुनेची एक रीत ठरली. ठमाबाईने शिशी वर धरायची, रुखमाने पदर सावरत मागे उभं राहायचं आणि पाहून झालं की हळूच ‘भरलं’ किंवा ‘खाली’ म्हणायचं. मग थोडा वेळ आणखी तसंच पाहत राहून ठमाबाई निकाल द्यायची. हा थोडा वेळ ती मुद्दाम घ्यायची. लगेच बोललं तर लोक काय म्हणतील.

गेल्या वर्षी मात्र रुखमा बाळंतपणाला माहेरी होती. ठमाबाईने एकटीनेच पाहिलं, ‘सोडा’ म्हणाली, आणि चार दिवसांत सगळे जिरे मेले. त्याच आठवड्यात मोठा पाऊस होऊन पाळीवरून पाणी आलं होतं, म्हणून गावाने दोष पुराला दिला. ठमाबाईनेही पुराला चार शिव्या घातल्या. पण पूर की आपला डोळा, हे तिला कळलं नाही, आणि ते न कळणं तिला वर्षभर सलत होतं.

शहाऐंशीच्या आषाढात मत्स्य खात्याच्या साहेबांनी निरोप धाडला की चार लाख जिरे घेऊन स्वतः येतो; यंदा ते जगले तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून जिरे दुसऱ्या गावाला. ठमाबाईने तीन आठवडे अंगणवाडीपाशी मुक्कामच ठोकला. ढेप टाकली, शेण कालवलं, मच्छरदाणी फिरवून मोठे पाणकिडे काढले. पाणी पातळ चहाच्या रंगाचं झालं आणि वासही असा सुटला की सोमाजी नाकाला उपरणं लावून बोलायचा. साहेब यायच्या दोन दिवस आधी रुखमाने शिशी पाहून सांगितलं, भरलं, अगदी काठोकाठ. ठमाबाईचा जीव भांड्यात पडला. ती निर्धास्तपणे नवरगावला बहिणीकडे एक मुक्काम करून आली.

आणि त्या एका मुक्कामात सोमाजीने घात केला.

सोमाजी वाईट माणूस नव्हता. पण साहेब येणार म्हटल्यावर त्याच्या अंगात पाहुणचार संचारला. मोहबोडीत पाहुणा यायचा तर आधी अंगण सारवतात, माठ घासतात, ताजं पाणी भरतात. सोमाजीने शाळा झाडून घेतली, पांढऱ्या कापडाचा मांडव घातला, आणि मग त्याची नजर अंगणवाडीतल्या त्या चहावर गेली. एवढे मोठे साहेब, विमानाच्या तिकिटासारखे जपून आणलेले जिरे, आणि त्यांना हे असलं पाणी? त्याने मोरी उघडली, तळं रिकामं केलं, रात्रभर मोठ्या तलावाचं स्वच्छ पाणी भरून घेतलं. तीन आठवड्यांची ढोरं गेली वाहून धानाच्या बांधीत. वर तळ्याच्या चारी कोपऱ्यांना त्याने उदबत्त्या लावल्या.

सकाळी नऊला साहेबांची जीप आली. प्राणवायू भरलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांत पाणी आणि पाण्यात जिरे. पिशव्या अर्ध्या तासासाठी तळ्यावर तरंगत ठेवल्या. बाहेरचं आणि आतलं पाणी सारखं ऊनथंड झालं की तोंडं सोडायची. ठमाबाई घाईघाईने बहिणीकडून थेट तळ्यावर आली. रुखमा अजून रोवण्यातून यायची होती. नेहमीसारखा ठमाबाईने पाण्यात आधी हात घातला असता, वास घेतला असता, तर तिला कळलं असतं. पण नाकात उदबत्ती होती आणि साहेब घड्याळ पाहत होते. परवाच तर रुखमाने पाहिलं होतं. तिने शिशी बुडवली, उन्हाकडे धरली आणि दोन विड्यांचा वेळ पाहिलं. अंधूक डोळ्यांना तळ्याचा बदललेला रंग कळला नाही, आणि शिशी जशी रोज दिसायची तशीच दिसली.

“भरलं,” ठमाबाई म्हणाली. “अर्ध्या तासानं सोडा.”

साहेब मांडवात बसले. चहा झाला, नारळ झाला, सोमाजीचं भाषण सुरू झालं आणि ते बराच वेळ सुरूच राहिलं. गावाने पुढे अनेकदा म्हटलं की सोमाजीच्या भाषणाचा आजवर कुणाला उपयोग झाला असेल तर तो त्या चार लाख जिऱ्यांना. कारण ते संपायच्या आत रुखमा गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन बांधावरून आली. तिने तळं पाहिलं आणि तिथेच थांबली. तळ दिसत होता. तिने शिशी उचलून उन्हाकडे धरली, आणि तळ्याकाठी बसलेल्या सासूच्या मागे येऊन उभी राहिली.

“आत्याबाई,” ती कुजबुजली, “शिशी खाली हाये. एकही ढोर नाई.”

ठमाबाईने मांडवाकडे पाहिलं. समोर मांडवात पाऊणशे माणसं, साहेब, टाळ्या. पिशव्या पाण्यावर हलत होत्या. गप्प राहिली असती तर जिरे सुटले असते, चार दिवसांनी मेले असते, आणि यंदाही दोष द्यायला पाऊस होताच की आषाढाचा. हा विचार तिच्या मनात आला, हे तिने पुढे स्वतःच रुखमाला सांगितलं. आला, आणि त्याचीच तिला इतकी चीड आली की ती उठून सरळ मांडवात गेली. सोमाजी वाक्याच्या मधोमध होता.

“थांबा गा सोमाजीभाऊ,” ती म्हणाली. “जिरे सोडू नका. मी मंघा भरलं म्हनलं ते खोटं होतं. मले दिसतच नाई. दोन सालापासून दिसत नाई. रुखमा पाह्यते आन मी बोलते. मांगच्या साली रुखमा नवती, तवा मी अंदाजानं बोलली.”

ठमाबाई मान खाली घालून उभी राहिली, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा. आता हसतील, आता कुणीतरी शिशी काढून घेईल, असं तिला वाटलं.

सोमाजीने उपरण्याने तोंड पुसलं. “माहीत हाये ना बाई,” तो म्हणाला. “सगळ्या गावाले माहीत हाये. रुखमा भरलं म्हनते ते आमाले पाळीवर ऐकू येते.”

ठमाबाईने मान वर केली. “मंग बोलले काऊन नाई?”

“तुमी पाहून राह्यल्या रायता,” सोमाजी म्हणाला. “आमी थांबून राह्यतो. त्याच्यात बोलाचं काय हाये?” मग त्याचा आवाज एकदम पडला. “पन आज तुमची चूक नाई. पानी म्या बदललं.”

हे ऐकल्यावर मात्र ठमाबाईतली ठमाबाई परत आली. सोमाजीला तिने काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी शहाण्यासारखं दुसरीकडे पाहिलं. बोलता बोलताच तिने कामंही वाटून दिली. पिशव्यांत जिरे संध्याकाळपर्यंतच निभणार होते. तळ्यात नवी ढोरं तयार व्हायला आठवडा लागतो. पण गावाबाहेर म्हशी डुंबायची बोडी, म्हणजे लहानसं तळं, होती, आणि म्हशींनी तिथे वर्षानुवर्षं जे करायचं ते केलेलं होतं. अख्ख्या पंचक्रोशीत त्या बोडीएवढा पावसाळी चारा कुठे नव्हता.

बायका घागरी घेऊन निघाल्या. मोठे किडे अडवायला आधी मच्छरदाणी; त्यातून जे खाली येईल ते दुपदरी कापडात धरायचं, कारण तीन दिवसांच्या लेकराच्या तोंडात धुळीएवढंच ढोर मावतं. दुपदरी कापड लगेच मिळेना, तेव्हा ठमाबाईची अंधूक नजर सोमाजीच्या नव्या कोऱ्या धोतरावर स्थिरावली. एवढं तिला बरोबर दिसलं. सोमाजी शाळेत जाऊन लुंगी नेसून आला आणि धोतराचं एक टोक धरून कमरेएवढ्या शेणपाण्यात उभा राहिला. दुसरं टोक साहेबांनी धरलं होतं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

तरीही चार लाख लेकरांना सबंध तळ्यात विखुरलेला चारा सापडला नसता. म्हणून ठमाबाईने मांडव उतरवायला लावला. तळ्याच्या एका कोपऱ्यात काठ्या रोवून त्यांना ते पांढरं कापड बांधलं, तळालाही लावलं, आणि पाण्यातच एक खोली केली. जिरे त्या खोलीत सोडले, ढोरंही त्या खोलीत. स्वागताच्या मांडवात अखेर ज्यांचं स्वागत व्हायचं तेच राहायला गेले. बाकीच्या तळ्यात पुन्हा शेण आणि कुजलेला पाला पडला; ढेप मात्र नाही, तिचं विष जिऱ्यांनाही लागलं असतं. आठ दिवस रोज सकाळी म्हशींच्या बोडीवर वारी चालली, आणि रोज धोतराचं एक टोक सोमाजीकडे असे. आठव्या दिवशी तळ्याचा चहा झाला.

सगळे जिरे जगले असं कुणी म्हणणार नाही. तसं कधी होतही नाही. पण पोळ्याच्या आसपास जाळं ओढलं तेव्हा बोटाएवढी मासोळी इतकी निघाली की साहेबांनी दोनदा मोजायला लावली. सोसायटीच्या सभेत सोमाजीने ठमाबाईला चंद्रपूरच्या डोळ्यांच्या शिबिराला नेण्याचा ठराव मांडला. ठमाबाईने तो हाणून पाडला, आणि पुढच्या हिवाळ्यात रुखमासोबत आपली आपण गेली.

पण त्याआधीची गोष्ट. खोलीचं कापड सोडायचं, जिरे सबंध तळ्यात मोकळे करायचे, तो आठवा दिवस. पुरुष मंडळी पाळीवर बसली होती. ठमाबाईने शिशी बुडवली आणि सवयीने उन्हाकडे धरली. मग हात खाली घेतला आणि सगळ्यांच्या देखत शिशी रुखमाच्या हातात दिली. ती स्वतः पाळीवर जाऊन सोमाजीशेजारी बसली. एवढ्या वर्षांत ती त्या बाजूला पहिल्यांदाच बसत होती.

रुखमाने शिशी वर धरली. डोळे तिचे तरुण होते, एका नजरेत दिसायला हवं होतं. पण एक विडी संपली तरी शिशी वरच. दुसरी संपली तरी वरच. सोमाजीने नवी विडी काढली आणि तोंडाशी आलेला विनोद गिळला.

“काऊन वं,” शेवटी ठमाबाईच म्हणाली, “तुले तं दिसते ना? मंग एवढा वेळ कायले?”

रुखमाने मान वळवली नाही. “पाहून राह्यली आत्याबाई,” ती म्हणाली. “तुमी थांबा.”

ठमाबाई थांबली.